कपड्यांचा ब्रँड कितपत शाश्वत, कितपत नैतिक? दावे तपासायचे कसे

एखाद्या ब्रँडची परीक्षा घ्यायची असेल तर त्याच्या संकेतस्थळावरचं ‘सस्टेनेबिलिटी’चं पान सगळ्यात शेवटी उघडा. तिथे हिरवी पानं, हसऱ्या कामगार स्त्रिया आणि पृथ्वीवरच्या प्रेमाची वाक्यं भरपूर असतात. पडताळून बघता येईल असं फार थोडं असतं. सगळ्यात आधी शोधायची ती कारखान्यांची यादी. ती सापडली तर पुढचं बरंच काही बाहेरच्या माणसाला तपासता येतं. ती नसेल तर सगळा कारभार ब्रँडच्या शब्दावर, आणि शब्दावरच विश्वास ठेवायचा असेल तर मग तपासणीचा खटाटोप कशाला?

या यादीचा आग्रह उगाच आलेला नाही. २४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशात ढाक्याजवळ साभार इथे राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली आणि १,१३४ माणसं मेली. आत पाच कपडे-कारखाने होते. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले दिसले होते, तरी सकाळी कामगारांना आत घेतलं गेलं. या कारखान्यांत माल कोणाकोणाचा शिवला जात होता, हे ठरवायला कामगार कार्यकर्त्यांना ढिगाऱ्यातून लेबलं आणि ऑर्डरचे कागद वेचावे लागले. काही ब्रँडनी तर आधी कानांवर हात ठेवले. यादी जाहीर असती तर तो शोध एका दुपारचा होता. नायकेने २००५ मध्येच आपली यादी जाहीर केली होती, म्हणजे ‘हे व्यापारी गुपित आहे, स्पर्धक पळवतील’ हे कारण तेव्हाच निकालात निघालं होतं.

यादी कशी असावी याचा किमान नमुना २०१६ मध्ये कामगार आणि मानवाधिकार संघटनांनी ‘ट्रान्सपरन्सी प्लेज’ म्हणून ठरवून दिला. कारखान्याचं पूर्ण नाव, प्रत्यक्ष जागेचा पत्ता, मालक कंपनी, तिथे काय बनतं, कामगारांची संख्या साधारण किती, आणि वर्षातून दोनदा अद्ययावत केलेली फाईल, तीही शोधता-गाळता येईल अशा स्वरूपात. ‘आमचे भागीदार आशियातल्या अकरा देशांत आहेत’ असा ठिपक्यांचा नकाशा म्हणजे यादी नव्हे.

यादी मिळाली की ती किती खोल जाते ते बघायचं. कपडा उलट्या दिशेने उलगडत गेलं तर पहिली पायरी कटिंग आणि शिलाईची. त्यामागे विणाई, रंगाई, छपाई आणि प्रोसेस हाऊस. त्यामागे सूतगिरणी. त्याच्याही मागे जिनिंग (कापसातून सरकी वेगळी करणं) आणि शेत, किंवा पॉलिस्टर असेल तर रसायनाचा कारखाना. बहुतेक ब्रँड पहिल्या पायरीवर थांबतात. पण पाणी, कोळसा, रसायनं यांचा मोठा खर्च रंगाई आणि प्रोसेसिंगमध्ये होतो, म्हणजे नेमका जिथे यादीचा प्रकाश पडत नाही तिथे. ज्याच्या यादीत रंगाईची युनिट नाहीत त्याने पर्यावरणावर लांबलचक अहवाल काढला असेल, तर तो अहवाल मुख्यतः दुकानांतल्या एलईडी दिव्यांचा आणि ऑफिसातल्या कागदाचा असतो.

आता यादीतला एक कारखाना उचला आणि ‘ओपन सप्लाय हब’वर टाका. हा जगभरच्या कारखान्यांचा खुला साठा आहे. नाव किंवा पत्ता दिला की तिथे आणखी कोणते ब्रँड माल घेतात तेही दिसतं. नावाच्या स्पेलिंगचे घोळ फार असतात, म्हणून नाव सापडलं नाही तर पत्त्यावरून शोधा. मग तोच पत्ता उपग्रहाच्या नकाशात बघा. छताचा लांबलचक शेड आणि ट्रक दिसायला हवेत. व्यापारी संकुलातला तिसरा मजला दिसला तर यादीत कारखान्याऐवजी एजंटचं किंवा नोंदणीकृत कार्यालयाचं नाव घातलेलं आहे. ही युक्ती फार सर्रास आहे.

आणखी एक हिशेब घरबसल्या करता येतो. साधा फॉर्मल शर्ट शिवायला साधारण २० मिनिटांची शिलाई लागते. समजा, ब्रँड म्हणतो आमचे सगळे शर्ट एकाच युनिटमध्ये शिवले जातात आणि तिथे मशीनवर ६० जण आहेत. आठ तासांची पाळी धरली तर दिवसाला २८,८०० मिनिटं हातात आली. प्रत्यक्षात धागा तुटणं, मापं बदलणं, माल येईपर्यंत थांबणं यात बराच वेळ जातो. कार्यक्षमता ५५ टक्के धरली तर उरली १५,८४० मिनिटं, म्हणजे दिवसाला सुमारे ७९० शर्ट, आणि २६ दिवसांच्या महिन्यात वीस हजारांच्या आसपास. ब्रँड महिन्याला पन्नास हजार शर्ट विकत असेल तर उरलेले कुठे शिवले जातात? एक तर यादी अपुरी आहे, किंवा ओव्हरटाइम बेसुमार आहे, किंवा काम बाहेर जॉब-वर्कला जातं. तिसरी शक्यता सगळ्यात जास्त. काज-बटण, भरतकाम, धागे कापणं ही कामं कारखान्याबाहेर, घरोघरी जातात आणि तिथल्या बायकांची नोंद कुठल्याच कागदावर नसते. दर नगावर, हजेरी नाही, अपघाताला कोणी जबाबदार नाही. ब्रँडला ‘घरून काम करणाऱ्यांबद्दल तुमचं धोरण काय’ असं विचारा. ‘आमच्याकडे तसं कोणी नाही’ असं उत्तर आलं, आणि ब्रँड हाताच्या भरतकामाचे कुर्ते विकत असेल, तर समजायचं ते समजा.

ऑडिट झालंय, म्हणजे काय झालंय?

‘आमचे सर्व कारखाने स्वतंत्र संस्थेकडून तपासलेले आहेत.’ हे वाक्य जवळपास प्रत्येक ब्रँडकडे असतं आणि त्याचं वजन फार नसतं. ११ सप्टेंबर २०१२ रोजी कराचीतल्या अली एंटरप्रायझेस या कारखान्याला आग लागली. खिडक्यांना गज होते, बाहेर पडायचे दरवाजे बंद होते, अडीचशेहून जास्त कामगार मेले. या कारखान्याला आगीच्या काही आठवडे आधीच एसए८००० हे सामाजिक उत्तरदायित्वाचं प्रमाणपत्र मिळालेलं होतं. राणा प्लाझातल्या कारखान्यांचीही ऑडिट झालेली होती. इमारतीचा सांगाडा तपासणं त्यांच्या कक्षेतच नव्हतं.

याची कारणं साधी आहेत. ऑडिटचे पैसे बहुधा कारखानाच देतो. ऑडिटर एक-दोन दिवसांसाठी येतो, तारीख बऱ्याचदा आधी कळवलेली असते, आणि हजेरीपटाच्या दोन वह्या ठेवणं ही या धंद्यातली जुनी सवय आहे. कामगारांची मुलाखत कारखान्याच्याच आवारात होते, सुपरवायझर कोपऱ्यात उभा असतो. म्हणून ‘ऑडिट झालं का’ हा प्रश्नच सोडून द्या. त्याऐवजी काय सापडलं, किती कारखान्यांत सापडलं, आणि ते किती दिवसांत दुरुस्त झालं, हे अहवालात आहे का ते बघा. जो ब्रँड लिहितो की ‘इतक्या कारखान्यांत जादा कामाचे तास आढळले, इतक्यांत स्थलांतरित कामगारांकडून भरतीसाठी पैसे उकळल्याचं आढळलं आणि त्यातली इतकी रक्कम परत केली’, तो ब्रँड ‘एकही उल्लंघन आढळलं नाही’ म्हणणाऱ्यापेक्षा जास्त विश्वासाचा. शंभर कारखान्यांत काहीच न सापडणं याचा अर्थ नीट शोधलं नाही एवढाच होतो.

ब्रिटनमध्ये धंदा करणाऱ्या आणि वार्षिक उलाढाल ३ कोटी ६० लाख पौंड किंवा त्याहून जास्त असलेल्या कंपन्यांना २०१५च्या मॉडर्न स्लेव्हरी ॲक्टखाली दरवर्षी निवेदन काढावं लागतं. ब्रँडच्या नावापुढे ‘मॉडर्न स्लेव्हरी स्टेटमेंट’ लिहून शोधलं की ते मिळतं. सलग दोन वर्षांची निवेदनं शेजारी शेजारी उघडून वाचा. फक्त साल बदललेलं असेल तर पुढचं वाचायची तसदी घेऊ नका.

ऑडिटपेक्षा वरचढ गोष्ट म्हणजे बंधनकारक करार. राणा प्लाझानंतर ब्रँड आणि कामगार संघटना यांच्यात बांगलादेशासाठी ‘अकॉर्ड’ झाला. त्यात ब्रँडवर कायदेशीर बंधन आहे, कारखान्यांची आग, वीज आणि इमारत या तिन्ही बाबतींत अभियंते तपासणी करतात, आणि कारखान्यानुसार अहवाल जाहीर होतात. २०२१ पासून त्याचा ‘इंटरनॅशनल अकॉर्ड’ झाला आणि नंतर तो पाकिस्तानातही सुरू झाला. सही केलेल्यांची यादी खुली आहे. तुमचा ब्रँड या दोन देशांतून माल घेतो आणि यादीत नाही, तर का नाही हे विचारायला हरकत नाही.

प्रमाणपत्रं : कोणतं कशाबद्दल बोलतं

लेबलवरच्या चिन्हांचा घोळ मोठा आहे, कारण प्रत्येक चिन्ह एखाद-दुसऱ्याच गोष्टीबद्दल बोलतं आणि ग्राहक सगळंच चांगलं असल्याचं धरून चालतो.

‘ओको-टेक्स स्टँडर्ड १००’ सांगतं की तयार मालात अमुक घातक रसायनं ठरलेल्या मर्यादेच्या आत आहेत. तुमच्या कातडीसाठी ही चांगली गोष्ट आहे, आणि लहान बाळांच्या कपड्यांसाठीचा त्यातला पहिला वर्ग सगळ्यात कडक असतो. शेत सेंद्रिय होतं का, रंगाईघराचं सांडपाणी कुठे गेलं, शिवणाऱ्याला किती पगार मिळाला, यातलं काहीही ते सांगत नाही.

‘ओसीएस’ म्हणजे ऑरगॅनिक कंटेंट स्टँडर्ड फक्त सेंद्रिय धागा किती टक्के आहे याचा मागोवा घेतं. मिश्र मालात तो ५ टक्क्यांपासूनही चालतो. ‘आरसीएस’ म्हणजे रिसायकल्ड क्लेम स्टँडर्डचंही तसंच, पुनर्वापरित मालाच्या बाबतीत. त्याचा थोरला भाऊ ‘जीआरएस’ म्हणजे ग्लोबल रिसायकल्ड स्टँडर्ड लेबलसाठी किमान ५० टक्के पुनर्वापरित धागा मागतो आणि रसायनं व कामगारांबद्दलच्या अटीही लावतो. ‘बेटर कॉटन’ हे कापसाच्या शेतीबद्दलचं चिन्ह वर्षानुवर्षं मास-बॅलन्स पद्धतीने चाललं. ब्रँडने खरेदी केली तेवढा कापूस जगात कुठेतरी बेटर कॉटनच्या नियमांनी पिकला, पण तुमच्या हातातल्या शर्टात त्यातला एक तंतूही असेलच असं नाही. प्रत्यक्ष मागोवा घेता येणारा बेटर कॉटन २०२३च्या अखेरीस सुरू झाला, तेव्हा कोणता आहे ते विचारून घ्या.

या सगळ्यांत सर्वांत व्यापक ‘गॉट्स’, म्हणजे ग्लोबल ऑरगॅनिक टेक्स्टाइल स्टँडर्ड. किमान ७० टक्के सेंद्रिय धागा, आणि नुसतं ‘ऑरगॅनिक’ लिहायचं असेल तर ९५ टक्के. शिवाय रंगांवर आणि रसायनांवर बंधनं, सांडपाण्याची प्रक्रिया, कामगारांचे निकष. ते खरं आहे की नाही हे तपासणं अगदी सोपं आहे. कपड्यावरच्या लेबलवर चार गोष्टी असायला हव्यात : चिन्ह, श्रेणी, प्रमाणित करणाऱ्या संस्थेचं नाव आणि परवाना क्रमांक. तो क्रमांक गॉट्सच्या खुल्या डेटाबेसमध्ये टाका. नाव जुळतं का, प्रमाणपत्राची मुदत उलटून गेली आहे का, आणि मालाच्या प्रकारात तुमचा कपडा बसतो का ते बघा. टॉवेल आणि चादरींसाठी घेतलेलं प्रमाणपत्र टी-शर्टच्या पानावर झळकवणारेही असतात.

सगळ्यात जास्त आढळणारी लबाडी वेगळीच आहे. ‘गॉट्स प्रमाणित कापडापासून बनवलेला’ असं लिहिलेलं असतं, क्रमांक नसतो. गॉट्सच्या नियमात हे बसत नाही. जिनिंगपासून शिलाईपर्यंत साखळीतली प्रत्येक कडी प्रमाणित असेल तरच चिन्ह लावता येतं. मधल्या शिलाई युनिटकडे प्रमाणपत्र नसेल तर कापड कितीही अस्सल असलं तरी दावा संपला. छोटे ब्रँड हे बऱ्याचदा अज्ञानातून करतात, तेव्हा लगेच चोर ठरवू नका. त्यांच्याकडे ‘ट्रान्झॅक्शन सर्टिफिकेट’ मागा. साधं प्रमाणपत्र सांगतं की हा कारखाना असा माल हाताळायला पात्र आहे. ट्रान्झॅक्शन सर्टिफिकेट सांगतं की या तारखेला, या गिऱ्हाइकाला, इतके किलो प्रमाणित माल गेला. त्यावरून पुन्हा हिशेब मांडता येतो. समजा ५०० किलो कापडाचं सर्टिफिकेट आहे. कटिंगमध्ये १५ टक्के चिंध्या जातात, उरले ४२५ किलो. मध्यम मापाचा टी-शर्ट १८० ग्रॅमचा, म्हणजे फार तर २,३६० टी-शर्ट. त्याच सर्टिफिकेटवर ब्रँड वर्षभर दहा हजार ‘सेंद्रिय’ टी-शर्ट विकत असेल तर गणित चुकलेलं नाही, दावा चुकलेला आहे.

कागदही खोटे निघतात, हे लक्षात असू द्या. २०२० मध्ये गॉट्सनेच भारतात बनावट ट्रान्झॅक्शन सर्टिफिकेटांचं मोठं प्रकरण उघड केलं. सुमारे २०,००० टन कापसावर ती लावलेली होती. म्हणून प्रमाणपत्र हा पुरावा आहे, निकाल नव्हे.

धाग्यांबद्दलचे काही लाडके दावे

‘बांबूचा कपडा’ म्हणजे जवळपास नेहमीच व्हिस्कोस. बांबूचा लगदा करून रसायनांत विरघळवून धागा काढलेला. त्यात वापरला जाणारा कार्बन डायसल्फाइड कामगारांच्या मज्जासंस्थेला घातक असतो. २०२२ मध्ये अमेरिकेच्या एफटीसी या व्यापार नियामक संस्थेने कोल्स आणि वॉलमार्ट यांच्यावर अशा खोट्या बांबू-दाव्यांसाठी कारवाई केली. दोघांचा दंड मिळून ५५ लाख डॉलर ठरला. लायोसेल हा लगद्यापासूनच काढलेला धागा त्यातला बरा पर्याय, कारण त्याचं द्रावण ९९ टक्क्यांहून अधिक परत मिळवून पुन्हा वापरता येतं.

‘रिसायकल्ड पॉलिस्टर’ बहुतेक वेळा जुन्या कपड्यांपासून नव्हे, पाण्याच्या बाटल्यांपासून येतं. बाटलीची पुन्हा बाटली होऊ शकली असती. तिचा टी-शर्ट झाला, त्यातही कापूस आणि इलॅस्टेन (ताणला जाणारा धागा) मिसळलं, की पुढचा रस्ता बहुतेक कचऱ्याकडेच. धुताना सूक्ष्म तंतू सुटतात ते नव्या पॉलिस्टरसारखेच. नव्या कच्च्या मालापेक्षा यात ऊर्जा कमी लागते हे खरं, तेवढंच श्रेय द्यावं.

‘अझो-फ्री रंग’ हा दावा ऐकायला छान. युरोपात घातक अमाइन सोडणाऱ्या अझो रंगांवर कायद्यानेच बंदी आहे, मर्यादा किलोला ३० मिलिग्रॅम. कायदा पाळल्याबद्दल पाठ थोपटून घेण्याचा हा प्रकार. ‘व्हेगन लेदर’ बहुतेकदा पीयू किंवा पीव्हीसी, म्हणजे प्लास्टिक. प्राण्यांचा प्रश्न सुटला, बाकीचा नाही. ‘नैसर्गिक रंग’ असेल तर रंग पक्का करायला कोणतं क्षार वापरलं ते विचारा. तुरटी ठीक आहे; क्रोमचे क्षार असतील तर वनस्पतीचा रंग असूनही सांडपाणी विषारीच.

टक्केवारीचे खेळ

ब्रँडच्या अहवालात टक्केवारी दिसली की तिच्याखाली दडलेला आकडा शोधायचा. कशाचे टक्के?

‘आमच्या ६० टक्के उत्पादनांत शाश्वत साहित्य आहे.’ तळटीप वाचा : ज्या कपड्यात किमान ३० टक्के तसा धागा आहे तो या मोजणीत धरला जातो. म्हणजे खात्रीने सांगता येतं ते एवढंच की एकूण कापडाच्या १८ टक्के तरी ‘शाश्वत’ आहे, तेही सगळे कपडे सारख्या वजनाचे धरले तर. आणि ‘शाश्वत’ कशाला म्हणायचं ते पुन्हा ब्रँडनेच ठरवलेलं.

‘प्रति कपडा कार्बन उत्सर्जन २० टक्क्यांनी घटलं.’ त्याच काळात कपडे ४० टक्क्यांनी वाढले असतील तर ०.८ गुणिले १.४, म्हणजे एकूण उत्सर्जन १२ टक्क्यांनी वाढलं. वातावरणाला प्रति कपडा हिशेब कळत नाही. म्हणून एकूण टनांचा आकडा, पायाभूत वर्ष आणि स्कोप ३ या तीन गोष्टी बघायच्या. स्कोप १ आणि २ मध्ये ब्रँडची स्वतःची दुकानं, गोदामं, गाड्या, वीज येतात. कापड, रंगाई, शिलाई हे सगळं स्कोप ३ मध्ये. कपड्यांच्या ब्रँडचं बहुतांश उत्सर्जन तिथेच असतं. ‘आमचं कामकाज कार्बन-न्यूट्रल’ म्हणताना त्या ‘कामकाजा’तून स्कोप ३ गुपचूप वगळलेला असतो.

असले दावे आता नियामकांच्याही डोळ्यांवर आले आहेत. नेदरलँड्सच्या एसीएम या ग्राहक आणि बाजार नियामक संस्थेने २०२२ मध्ये एच अँड एम आणि डेकॅथलॉन यांना ‘कॉन्शस’ आणि ‘इकोडिझाइन’सारखी संदिग्ध लेबलं दुरुस्त करायला किंवा काढायला लावलं. ब्रिटनच्या सीएमए या स्पर्धा नियामकाने मार्च २०२४ मध्ये एसोस, बूहू आणि जॉर्ज (आस्डा सुपरमार्केटचा कपड्यांचा ब्रँड) यांच्याकडून दाव्यांबद्दल लेखी हमी घेतली. भारतात ऑक्टोबर २०२४ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ग्रीनवॉशिंगविरोधी मार्गदर्शक तत्त्वं काढली. युरोपीय संघात २७ सप्टेंबर २०२६ पासून पुराव्याविना ‘पर्यावरणस्नेही’ म्हणणं आणि ऑफसेटच्या (दुसरीकडे उत्सर्जन घटवण्यासाठी पैसे देण्याच्या) जोरावर उत्पादनाला ‘कार्बन-न्यूट्रल’ म्हणणं बंद.

पगार, आणि त्यामागची खरेदी

‘आमचे पुरवठादार कायदेशीर किमान वेतन देतात’ हे वाक्य शून्य गुणांचं. कपडे शिवणाऱ्या बहुतेक देशांत किमान वेतनात कुटुंब चालत नाही, म्हणून तर निर्वाहवेतनाची वेगळी मोजणी करावी लागते. अँकर पद्धत आणि एशिया फ्लोअर वेज ही त्याची दोन प्रसिद्ध मापं. ब्रँड कोणतं माप वापरतो, किती कारखान्यांत आणि किती कामगारांना ते मिळतं, आणि बाकीच्यांत तफावत किती आहे, हे आकड्यांत लिहिलेलं असेल तर दखल घ्यावी. ‘निर्वाहवेतनाच्या दिशेने आमचा प्रवास सुरू आहे’ असं असेल तर प्रवास केव्हा सुरू झाला ते बघा. काही ब्रँडचा तो दहा वर्षांहून जास्त काळ सुरू आहे.

खरी मेख मात्र खरेदीच्या अटींत असते आणि तिकडे फार कमी लोक बघतात. माल पाठवल्यावर पैसे किती दिवसांनी? ३० दिवस ठीक; ९० किंवा १२० दिवस असतील तर मधल्या काळातले पगार कारखानदार कर्ज काढून देतो आणि व्याज कुठून तरी वसूल करतो. ऑर्डर पक्की झाल्यावर डिझाइन बदलायचं आणि तारीख मात्र तीच ठेवायची, याचा परिणाम सक्तीचा ओव्हरटाइम. २०२० मध्ये कोविड आला तेव्हा अनेक बड्या ब्रँडनी शिवून तयार झालेल्या मालाच्या ऑर्डरही रद्द केल्या किंवा मोठी सूट मागितली. त्याविरुद्ध ‘पेअप’ मोहीम उभी राहिली आणि बरेच जण पैसे द्यायला तयार झाले. तुमच्या ब्रँडने तेव्हा काय केलं ते शोधणं अजूनही सोपं आहे. संकटातलं वागणं हे आचारसंहितेच्या पीडीएफपेक्षा जास्त बोलतं.

किंमत जास्त म्हणजे पगार जास्त, असं मात्र मुळीच धरू नका. एकाच शेडमध्ये एका ओळीत महागडा ब्रँड आणि शेजारच्या ओळीत स्वस्त ब्रँड शिवला जातो, मशीनवरच्या बाईचा पगार दोन्हीकडे तोच. उलटं मात्र खरं आहे : किंमत अशक्य वाटावी इतकी कमी असेल तर ती कोणाच्या तरी खिशातून निघालेली असते.

किती बनवतो?

हा प्रश्न ब्रँडला सगळ्यात नावडता, म्हणून सगळ्यात उपयोगाचा. वर्षाला एकूण किती नग बनवले हा आकडा फार थोडे जण जाहीर करतात. तो नसेल तर संकेतस्थळावर ‘नवीन’ क्रमाने माल लावा, वरच्या दोन-चार वस्तूंची नावं लिहून ठेवा, सात दिवसांनी परत बघा आणि त्या किती खाली सरकल्या ते मोजा. आठवड्याला शेकडो नवे नमुने येत असतील तर सेंद्रिय कापसाची चर्चा करण्यात अर्थ नाही. बारा महिने चालणारा सेल हेही अतिउत्पादनाचंच लक्षण. न खपलेल्या मालाचं काय होतं? बर्बेरीने २०१७-१८ या वर्षात २ कोटी ८६ लाख पौंडांचा माल नष्ट केल्याचं त्यांच्याच वार्षिक अहवालात निघालं आणि मग टीकेनंतर त्यांनी ती पद्धत थांबवली.

‘जुने कपडे आणून द्या, कूपन न्या’ या पेट्यांबद्दल एकच विचारा : जमा मालापैकी किती टक्के कशासाठी गेला? जगात कपड्यांसाठी वापरलेल्या साहित्यापैकी पुन्हा नवा कपडा होण्याचं प्रमाण १ टक्क्याहूनही कमी, असं एलेन मॅकआर्थर फाउंडेशनच्या २०१७च्या अहवालात होतं. उरलेलं पुसायच्या चिंध्या, गाद्यांतलं भरण, परदेशात निर्यात किंवा कचरा. आणि कूपन नवीन खरेदीसाठीच असतं.

कपडा हातात असेल तर तोही बोलतो. आतून बाहेर करा. विणलेल्या शर्टाच्या शिवणीत इंचाला १० ते १२ टाके असावेत. सात-आठच असतील तर घाई झाली आहे. शिवण दोन्ही बाजूंनी हलकेच ताणा, मधून उजेड दिसला तर ती पहिल्या काही धुण्यांतच उसवेल. टी-शर्टाची बाजूची शिवण धुतल्यावर पोटाकडे वळत असेल तर होजिअरीचं कापड नीट स्थिर न करताच कापलेलं आहे. मापात शिवणीला जास्तीचं कापड ठेवलंय का, जादा बटण दिलंय का? दुरुस्तीची सोय देणारा ब्रँड टिकाऊपणाबद्दल बोलतो तेव्हा ऐकावं.

गुण देणारी ॲप आणि निर्देशांक वेळ वाचवतात, पण ते काय मोजतात ते आधी बघा. फॅशन ट्रान्सपरन्सी इंडेक्स ब्रँड किती जाहीर करतो ते मोजतो, कसा वागतो ते नाही. त्यामुळे मोठं जनसंपर्क खातं असलेला ब्रँड वर दिसतो आणि पाच माणसांचा प्रामाणिक ब्रँड यादीतही नसतो.

अशा छोट्या ब्रँडसाठी सरळ ईमेल करावा, मोघम प्रश्न टाळून. ‘तुम्ही नैतिक आहात का’ असं विचारलं तर ‘हो’ येणारच. असं लिहा : या कपड्याची शिलाई कोणत्या युनिटमध्ये झाली, तिथे किती जण काम करतात आणि तुमच्यापैकी कोणी शेवटचं केव्हा तिथे गेलं होतं? कापड कोणत्या प्रोसेस हाऊसमध्ये रंगवलं? पगार महिन्यावर की नगावर? युनिटला पैसे किती दिवसांत देता? गेल्या वर्षी कोणती अडचण सापडली आणि तिचं काय केलं?

उत्तर वाचताना प्रमाणपत्रांचे लोगो मोजू नका, नावं आणि आकडे मोजा. ‘शिलाई अमुक गावात, १८ जण, नगावर दर आहे पण महिन्याचा किमान आकडा बांधलेला आहे, रंगाई कुठे होते ते आम्हाला नक्की माहीत नाही, कापड व्यापाऱ्याकडून घेतो’ हे उत्तर अपुरं आहे, पण खरं आहे, आणि रंगाईची माहिती काढायला त्यांना एक कारण मिळालं. ‘आमच्यासाठी लोक आणि पृथ्वी सर्वोच्च’ असं दोन परिच्छेदांचं उत्तर आलं तर तेच प्रश्न क्रमांक घालून पुन्हा पाठवा. दुसऱ्यांदाही एकही आकडा आला नाही, किंवा पंधरा दिवस काहीच आलं नाही, तर तो रकाना रिकामा धरा आणि रिकाम्या रकान्याला शून्य गुण द्या. आणि प्रमाणपत्र गॉट्सचं किंवा टेक्स्टाइल एक्स्चेंजचं (ओसीएस, आरसीएस, जीआरएस चालवणारी संस्था) असेल तर त्याची मुदत साधारण वर्षभराची असते. मुदतीची तारीख टिपून ठेवा आणि ती उलटल्यावर पुन्हा एकदा क्रमांक टाकून बघा.